बीपीची गोळी गावात सुरू, फडावर बंद. टोळीच्या सहा महिन्यांचं औषध कोण देणार?

बीड : दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली गावं हळूहळू रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये पीठ-मीठ, भांडीकुंडी, कोपीचं सामान, कोयते, लेकरं असं सगळं भरलं जातं. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब पक्का असतो. कोण कोणत्या कारखान्याला, किती कोयते, किती बैलगाड्या, सगळं लिहिलेलं असतं. एका गोष्टीची मात्र कुठेच नोंद नसते. या टोळीतल्या कितीजणांना बीपीची गोळी चालू आहे आणि पुढचे पाच-सहा महिने ती गोळी त्यांना कुठून मिळणार?

प्रश्न छोटा वाटतो, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रोज एक गोळी धरली तर सहा महिन्यांच्या हंगामाला 180 गोळ्या लागतात. सरकारी दवाखान्यातून साधारण 30 दिवसांच्या गोळ्या मिळतात. म्हणजे माणूस पूर्ण पुडी घेऊन निघाला तरी पहिल्या महिन्यानंतर हात रिकामे. पुढचे पाच महिने बीपी वाढलेलाच, काम सगळ्यात जास्त कष्टाचं आणि दवाखाना अनोळखी.

गावात मग एखाद दिवशी फोन येतो. "अमक्याचा बाप फडात पडला, एक बाजू गेली." लोक म्हणतात, धडधाकट माणूस होता, अचानक कसं झालं? खरं तर बऱ्याचदा ते अचानक नसतं. बीपी दोन-तीन वर्षांपूर्वीच निघालेला असतो, गोळी सुरू झालेली असते आणि मध्येच कधीतरी थांबलेली असते.

तपासणी वाढली, हे खरं

गेल्या काही वर्षांत गावपातळीवर बीपी-शुगर तपासण्याचं काम वाढलं आहे. आशाताई घरोघरी जाऊन 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू खातो का, दारू घेतो का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात असतात. ज्यांचा धोका जास्त दिसतो त्यांना उपकेंद्रात पाठवलं जातं. बऱ्याच उपकेंद्रांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात.

केंद्र सरकारने 17 मे 2023 ला, म्हणजे जागतिक उच्च रक्तदाब दिनी, 2025 पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना नियमित उपचारावर आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. 2025 मध्ये 20 फेब्रुवारी ते 31 मार्च अशी खास तपासणी मोहीम देशभर झाली. त्याच वर्षी 17 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळात महिलांसाठी आरोग्य शिबिरं झाली. त्यातही बीपी-शुगरची तपासणी होती.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारने समिती नेमली. त्यानंतर टोळी निघण्याआधी आणि परत आल्यावर महिलांची आरोग्य तपासणी करण्याची पद्धत जिल्ह्यात आली. हे चांगलंच झालं.

पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. पट्टा बांधला, आकडा लिहिला, इतक्याने कुणाचा बीपी खाली येत नाही. आकडा मोजल्यानंतर वर्षभर काय होतं, खरा प्रश्न तिथे आहे.

शंभरातले फक्त पंधरा

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2023 मध्ये उच्च रक्तदाबावर अहवाल काढला. त्यात भारताचं चित्र असं आहे : बीपी असलेल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे 37 जणांनाच आपल्याला बीपी आहे हे माहीत आहे. 30 जण औषध घेतात. आणि बीपी ताब्यात असलेले फक्त 15.

उरलेले 85 जण कुठे गेले? 63 जणांना पत्ताच नाही. सात जणांना माहीत आहे, पण औषध नाही. आणि 15 जण असे, की औषध घेतात पण बीपी तरी वाढलेलाच. त्यात गोळीचा डोस कमी पडलेले आहेत, तसे एक दिवस घेतली, चार दिवस नाही, असे करणारेही आहेत.

बीपी काही मोजक्या लोकांचा आजार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात 15 वर्षांवरच्या शंभर महिलांमागे 21 आणि शंभर पुरुषांमागे 24 जणांचा बीपी वाढलेला होता किंवा ते बीपीची गोळी घेत होते. म्हणजे साधारण चार-पाच माणसांमागे एक. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं. वय तरुण धरून आकडा निम्मा केला, तरी त्यात चार-पाच जण बीपीचे निघायला हरकत नाही.

"बरं वाटतंय" हाच घोळ

गोळी का बंद होते? गावात विचारलं तर उत्तर एकच येतं, "आता बरं वाटतंय ना, मग कशाला?"

इथेच मोठी गैरसमजूत आहे. ताप आला की अंग तापतं, ताप उतरला की गोळी बंद. बीपीचं तसं नाही. बहुतेकांना वाढलेल्या बीपीचा काहीच त्रास जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, कामाला दम लागत नाही. 180 च्या बीपीवरही माणूस दिवसभर मोळ्या उचलतो. आतून मात्र रक्तवाहिन्यांवर रोज जादा दाब पडत राहतो. विहिरीवरच्या मोटरचं प्रेशर पाइपच्या ताकदीपेक्षा जास्त असलं तर पाणी येतच राहतं, पण एक दिवस कुठेतरी पाइप फुटतो किंवा जोड निसटतो. शरीरात असा जोड मेंदूत गेला तर लकवा, हृदयात गेला तर झटका. मूत्रपिंडाचं नुकसान तर गुपचूप होत राहतं, ते डायलिसिसची वेळ आल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट गोळीच्या स्वभावाची. सरकारी दवाखान्यात बीपीसाठी बहुतेक वेळा अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन दिली जाते. अॅम्लोडिपिनचा असर शरीरात बराच वेळ टिकतो. बंद केली तरी त्या दिवशी काही होत नाही. पुढे काही दिवसांत बीपी हळूहळू पूर्वीच्या जागी जातो, आणि तेव्हाही काही जाणवत नाही. मग माणसाची खात्री पटते, की बघा, गोळी सोडली तरी काही झालं नाही.

तिसरी भीती म्हणजे "एकदा चालू केली की जन्मभर घ्यावी लागते, सवय लागते." गोळीची सवय लागत नाही. आजार लांब पल्ल्याचा आहे म्हणून गोळी लांब पल्ल्याची आहे. चष्मा लावला म्हणून डोळा बिघडत नाही, डोळ्याला गरज असते म्हणून चष्मा असतो. वजन, मीठ, दारू कमी करून काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी थांबतेही. पण ते मोजून डॉक्टरांनी ठरवायचं, मनाने नाही.

गोळीचा फायदा किती? मोठ्या अभ्यासांमधून दिसलेलं आहे, की बीपीचा वरचा आकडा 10 ने जरी खाली आला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. स्वस्तातल्या एका गोळीकडून यापेक्षा जास्त काय मागायचं?

फडावर गोळी का थांबते

गावात असताना गोळी बंद होण्याची कारणं समजुतीची आहेत. फडावर मात्र समजूतदार माणसाचीही गोळी थांबते. कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण वेळेचं. ऊसतोड पहाटे तीन-चारला सुरू होते. तोडणी, मोळी बांधणी, भरणी यात दिवस जातो. गाडी रात्री आली तर रात्रीही भरावी लागते. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण वेळ नेमकी कामाच्या वेळेत असते. गोळी आणायला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा केला की पैसे कापले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता असल्याने एक गेला की दुसऱ्याचंही काम अडतं. ताप आला तर माणूस नाइलाजाने जातो. ज्या आजाराचा त्रासच जाणवत नाही, त्यासाठी कोण खाडा करील?

दुसरं कारण जागेचं. कोपी आज या शिवारात, महिन्याने दुसऱ्या शिवारात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोट. तिथल्या आशाताईंच्या यादीत ही कुटुंबं नसतात. गावातल्या आशाताईंच्या यादीत नाव असतं, पण घराला कुलूप असतं. दोन्हीकडच्या रजिस्टरमधून माणूस निसटतो.

तिसरं कारण कागदाचं. सरकारी दवाखान्याने दिलेलं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहतं. गोळीचं नाव आठवत नाही. "पांढरी बारीक गोळी होती" एवढ्यावर नवा डॉक्टर काय देणार?

चौथं कारण घरी राहिलेल्यांचं. टोळी गेली की गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं राहतात. सासू-सासऱ्यांना बीपी-शुगर असते आणि दवाखान्यात नेणारा मुलगा-सून फडावर. तालुक्याला जाणारी जीप चुकली की महिन्याची गोळीही चुकते. म्हणजे एका स्थलांतराने दोन ठिकाणची औषधं बंद पडतात.

आणि पाचवं, ज्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, ते अंगदुखीच्या गोळ्यांचं. फडावर रोज एखादी दुखणं मारणारी गोळी घेऊन काम ओढणारे पुष्कळ आहेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतो, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अंगात पाणी कमी असेल तर जास्तच. म्हणजे बीपीची गोळी बंद आणि बीपी वाढवणारी गोळी चालू, असा उलटा कारभार सहा महिने चालतो. दुखणं फार असेल तर डॉक्टरांना बीपी असल्याचं सांगूनच गोळी घ्यावी, किराणा दुकानातली नाही.

एकदम जास्त गोळ्या देता येतील का?

देता येतात, याचा दाखला आहे. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक खास कार्यक्रम 2017-18 पासून सुरू झाला. सुरुवातीला पाच राज्यांतले 25 जिल्हे होते. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा त्यात होते. या कार्यक्रमाची रीत साधी होती. सगळीकडे ठरलेलीच मोजकी औषधं, गोळ्यांचा साठा पुरेसा, घराजवळच्या केंद्रात गोळी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, म्हणजे कोण आला नाही ते कळावं. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये दवाखान्यात जाणं बंद झालं, तेव्हा याच कार्यक्रमात अनेक ठिकाणी जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घराजवळ पोचवल्या. अडचणीच्या वेळी जे जमलं, ते दरवर्षी ठरल्या वेळी होणाऱ्या स्थलांतरासाठी का जमू नये? ऊसतोडीचा हंगाम काही अचानक येत नाही. तो कधी सुरू होणार हे सरकारला आधीच माहीत असतं, कारण गाळपाची तारीख सरकारच ठरवतं.

आरोग्य कर्मचाऱ्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. न तपासता सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि मध्येच बीपी फार खाली गेला, पायाला सूज आली, तर बघणार कोण? गोळ्या घरात पडून वाया गेल्या तर? शिवाय साठ्याची मागणी साधारणपणे मागच्या खपावरून ठरते. एकाच महिन्यात शेकडो लोकांनी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या नेल्या तर गावात राहिलेल्यांना कमी पडतील.

या अडचणी खऱ्या आहेत, पण न सुटणाऱ्या नाहीत. ज्यांचा बीपी दोन-तीन तपासण्यांत सलग ताब्यात आहे, त्यांना दोन किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील. ज्यांचा बीपी नुकताच निघाला आहे, त्यांना मात्र महिन्याने तपासणी लागतेच. त्यांच्यासाठी कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राचं नाव आणि पत्ता कार्डावर लिहून देता येईल. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार ही माहिती मुकादमाकडे असतेच. दिवाळीआधीच्या तपासणीत ती लिहून घेतली तर साठ्याची जादा मागणीही वेळेत करता येईल.

कारखान्यांनाही यात हात देता येण्यासारखा आहे. महिन्यातून एक दिवस, तोही संध्याकाळी, अड्ड्यावर आरोग्य पथक आलं तर कुणाचा खाडा पडणार नाही. गाळप बंद असण्याचा दिवस असेल तर आणखी सोपं.

अनोळखी तालुक्यातही गोळी मोफत आहे

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर टोळीला निघणाऱ्याला काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत. यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय येतं. केस पेपरलाही पैसे नाहीत. माणूस बीडचा आणि दवाखाना साताऱ्याचा असला तरी चालतं. "तुमच्या गावाला जा" असं म्हणून परत पाठवण्याचं कारण नाही. बीपी-शुगरचा कार्यक्रम राष्ट्रीय असल्याने कर्नाटकातल्या सरकारी आरोग्य केंद्रातही तपासणी आणि औषध असतं.

निघण्याआधी पाच कामं करावीत.

एक, उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्यावा आणि कुठे जाणार, किती महिने, हे स्पष्ट सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. मागितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

दोन, कार्डाचा आणि गोळीच्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढावा. नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट दिसायला हवं. तोच फोटो बायकोच्या किंवा मुलाच्या फोनवरही पाठवावा. एक फोन हरवला तरी दुसरा असतो.

तीन, आभा क्रमांक काढलेला असेल तर तो जवळ ठेवावा.

चार, गोळीची वेळ जेवणाशी जोडावी. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन रात्रीच्या भाकरीबरोबर घेतली तरी चालते. पहाटेच्या घाईत विसरण्यापेक्षा ते बरं. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. एखादी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

पाच, बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर ते आधी सांगावं. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, डॉक्टर गोळी बदलून देतात. आणि गरोदरपणात वाढलेला बीपी तर अंगावर काढण्याची गोष्टच नाही.

शुगर असलेल्यांनी याच पाच गोष्टी पाळाव्यात, शिवाय पाय सांभाळावेत. शुगरमुळे पायाची संवेदना कमी होते, पाचट रुतलं तरी कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहावेत. जखम आठवड्यात भरली नाही तर दवाखाना गाठावा.

मोजणं नीट, मीठ बेतानं

बीपी मोजण्यातही चुका होतात. चालत आल्या आल्या, चहा पिऊन, तंबाखू तोंडात धरून मोजला तर आकडा जास्त येतो. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत. मोजताना बोलू नये. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी आला तर बीपी आहे असं समजतात. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये आणि एकदा नीट आला म्हणून गोळी सोडू नये. नीट आला तो गोळीमुळेच असतो.

मिठाचा हिशेब घरातल्या पुड्यावरून करता येतो. एका माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भाजी, भाकरी, ठेचा, लोणचं सगळं धरून. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरायला हवा. तीस-पस्तीस दिवसांत संपत असेल तर मीठ जास्त जातंय. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं म्हणून फरक पडत नाही, तेही मीठच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

"घाम गाळतो, त्याला मीठ लागतंच" असं म्हटलं जातं. घाम गाळणाऱ्याला सगळ्यात आधी पाणी लागतं. जुलाब-उलटी झाली किंवा ऊन लागलं तर ओआरएस द्यावं. पण त्या नावाखाली रोज भाकरीवर वरून मीठ आणि सोबत खारं फरसाण, याची गरज नाही. तंबाखू, मिश्री आणि दारू याबद्दल वेगळं सांगायला नको. भूक मारायला आणि जाग राहायला तंबाखू चघळली जाते, पण रक्तवाहिन्यांचं नुकसान बीपी आणि तंबाखू मिळून करतात.

लकवा आला तर घड्याळ बघा

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं किंवा समजेना, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन केल्यावर. म्हणून माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांना सांगावी. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नये, ठसका लागून श्वास अडकतो. तेल चोळण्यात किंवा अमक्या गावचं लकव्याचं औषध आणण्यात ते साडेचार तास निघून जातात. नंतर कितीही पैसा घातला तरी ती वेळ परत मिळत नाही.

एका कोयत्यातला एक माणूस लकव्याने बसला की काय होतं, हे या तालुक्यांना सांगायला नको. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पोराला शाळेतून काढून कोयता पुरा केला जातो. एका बंद पडलेल्या गोळीची किंमत अशी पुढच्या पिढीपर्यंत जाते.

180 गोळ्या म्हणजे दहा-दहाची अठरा पाकिटं. चहाच्या डब्यात मावतील एवढी. टोळी निघण्याआधीच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे : आपल्या गावातून बीपी-शुगरचे किती लोक चालले आहेत आणि त्यांच्या हातात किती दिवसांची गोळी आहे? या प्रश्नाचं उत्तर आशाताईंच्या रजिस्टरमध्ये आणि मुकादमाच्या वहीत अर्धं अर्धं पडलेलं आहे. ते दोन कागद दिवाळीआधी एका टेबलावर आले तरी बरंच काम होईल.